दोन टक्के म्हणजे नेमके किती?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: पश्चिम महाराष्ट्रातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात टी.ई. (तिसरं वर्ष) कॉम्प्युटरला असलेल्या विद्यार्थिनीचं हे पत्र. चौघांचा ग्रुप प्रोजेक्ट म्हणून पैशाचे प्राथमिक धडे देणारं वेब ॲप बनवतो आहे. त्यात बजेट, बचत, व्याज, कर्ज, विमा असे विषय आहेत, प्रत्येकाशेवटी क्विझ आहे, गुण आणि बॅज आहेत. गाईड सरांचं म्हणणं, यात नवीन काय? एआय चॅटबॉट टाका, शेअर बाजाराचा खेळ टाका, म्हणजे एक्स्टर्नल (बाहेरचे परीक्षक) खूश होतील. ग्रुपमधल्या मित्राने एका ब्रोकरची रेफरल ऑफर आणली आहे : ॲपमधून उघडलेल्या प्रत्येक डीमॅट (शेअर ठेवायच्या) खात्यामागे पैसे. हिला ते खटकतं, पण नाही म्हणायला ठोस कारण सापडत नाही. मध्यंतरी त्यांनी कॅन्टीनच्या मावशींना ॲप वापरायला दिलं. मावशींनी कर्जाची रक्कम दहा हजार टाकली, व्याजाच्या चौकटीत '२' टाकलं. ॲपने वर्षाचं व्याज २०० रुपये दाखवलं. मावशी हसल्या आणि कामाला निघून गेल्या. ग्रुपने नोंद केली : 'युजर एरर'. पत्राच्या शेवटी ती विचारते, "आमच्या घरात पैशाबद्दल कधी कुणी बोललंच नाही. बाबांनी आयुष्यभराची बचत गावातल्या पतसंस्थेत ठेवली आहे, ती सुरक्षित आहे का हेही मला सांगता येत नाही. मग लोकांना शिकवणारी मी कोण?"

---

तुला अगं-तुगं करते आहे, राग मानू नकोस. बँकेत कर्ज विभागात नोकरीची बरीच वर्षं गेली आणि समोर तुझ्या वयाचं कुणी बसलं की तोंडातून 'तू'च निघतं.

तुझ्या पत्रात चार प्रश्न आहेत, पण मी त्या मावशींपासून सुरुवात करणार आहे. तुमच्या सगळ्या प्रोजेक्टमध्ये आतापर्यंत घडलेली सर्वांत मोलाची गोष्ट तीच आहे आणि तुम्ही ती एका शब्दात निकालात काढलीत.

मावशींचं काहीही चुकलं नव्हतं. बचत गटात, सावकाराकडे, ओळखीतल्या उसनवारीत व्याज महिन्याचं बोललं जातं. 'दोन टक्क्याने उचलले' म्हणजे शंभराला महिन्याला दोन रुपये. दहा हजारांवर महिन्याला दोनशे, वर्षाला चोवीसशे. बँकेच्या भाषेत सांगायचं तर २४ टक्के. तुमचं ॲप बँकेच्या भाषेत विचार करत होतं आणि त्याने ते कुठेही लिहिलेलं नव्हतं. मावशींना वर्षाला दोनशे हा आकडा पाहून हसू आलं, कारण एवढ्या स्वस्तात कर्ज कुणी देत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. परीक्षा खरं तर ॲपची झाली आणि ॲप नापास झालं.

तुमच्या सगळ्या कामामागे एक गृहीतक आहे : लोकांना पैशाचं कळत नाही, कारण त्यांना कुणी सांगितलं नाही, आपण सांगितलं की ते बचत करायला लागतील. मला हे अर्धंच खरं वाटतं. भिशी लावणाऱ्या बाईला विचार, पहिला नंबर लागणं चांगलं की शेवटचा. बारा जणी, महिन्याला हजार. पहिलीला बारा हजार आधी मिळतात आणि ती पुढे फेडत राहते, म्हणजे ते कर्जच. शेवटची वर्षभर भरते आणि मग उचलते, म्हणजे ती बचत. लिलावाची भिशी असेल तर गरजू बाई बारा हजारांचे साडेदहा घेऊन मोकळी होते आणि दीड हजारावर कशासाठी पाणी सोडलं हे तिला चांगलं समजत असतं. पैशाची आजची किंमत आणि उद्याची किंमत हा तुमच्या ॲपमधला सातवा धडा ती रोज जगते आहे.

मग तिला अडतं कुठे? तिच्या ओळखीचा व्यवहार अनोळखी कागदावर आला की अडतं. दुचाकीच्या शोरूममध्ये टेबलापलीकडचा मुलगा म्हणतो, "फक्त दहा टक्के, मॅडम." साठ हजारांचं कर्ज, दोन वर्षं. दहा टक्क्यांनी वर्षाचे सहा हजार, दोन वर्षांचे बारा हजार, एकूण बहात्तर हजार, हप्ता तीन हजार. हिशोब सोपा, तोंडी होतो, म्हणून खराही वाटतो. पण वर्ष संपता संपता निम्म्याच्या आसपास मुद्दल फिटलेलं असतं आणि व्याज मात्र अजूनही पूर्ण साठ हजारांवर चालू असतं. याला फ्लॅट रेट म्हणतात. घटत्या शिलकीवर, म्हणजे फक्त उरलेल्या मुद्दलावर, मांडलं तर हेच कर्ज १८ टक्क्यांच्या थोडं वर जातं. शेजारची बँक १३ टक्के म्हणाली म्हणून तिला महाग ठरवून बाई शोरूममध्ये सही करून येते. मी कर्जाच्या टेबलावर होते तेव्हा असे कागद घेऊन लोक यायचे, पण सही झाल्यावर यायचे.

म्हणून माझा पहिला सल्ला : धडे कमी करा आणि सहीच्या आधीच्या दहा मिनिटांसाठी ॲप बनवा. क्विझ आणि बॅज राहू देत हवे तर, पण बॅज मिळाला म्हणून कुणी शोरूममध्ये जास्तीचे दोन प्रश्न विचारत नाही.

हे मी मनाने सांगत नाही. २०१४ साली डॅनिएल फर्नांडिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावरचे दोनशे अभ्यास एकत्र करून पाहिले. अर्थसाक्षरतेच्या वर्गांमुळे लोकांच्या प्रत्यक्ष वागण्यात पडलेला फरक अगदीच किरकोळ निघाला आणि शिकलेलं काळाबरोबर विरतही गेलं. निर्णयाच्या वेळी, त्या निर्णयापुरतं शिकवा, असा त्यांचा सूर होता. पुढे २०२२ मध्ये टिम कायझर आणि मंडळींनी जास्त काटेकोर प्रयोग गोळा केले तेव्हा चित्र इतकं उदास दिसलं नाही, उपयोग होतो असं निघालं. तिसरा अभ्यास मला सर्वांत आवडतो. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये छोट्या धंदेवाल्यांच्या एका गटाला रीतसर हिशोबनिशी शिकवली आणि दुसऱ्या गटाला फक्त साधे ठोकताळे दिले, घरचा पैसा आणि धंद्याचा पैसा वेगळा ठेवा, अशा धर्तीचे. सुधारणा ठोकताळेवाल्यांच्या हिशोबात दिसली. हे तिन्ही अभ्यास तुमच्या ब्लॅक बुकच्या, म्हणजे प्रोजेक्ट रिपोर्टच्या, 'लिटरेचर सर्व्हे'मध्ये घाल. "यात नवीन काय?" या सरांच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

आता प्रत्यक्ष पडदा कसा असावा. व्याजाच्या चौकटीशेजारी दोन मोठी बटणं हवीत, 'महिन्याला' आणि 'वर्षाला', आणि एखादं निवडल्याशिवाय पुढे जाता येऊ नये. उत्तर टक्क्यांत द्यायच्या आधी रुपयांत द्या : "दहा हजारांवर महिन्याला दोनशे रुपये. वर्षभर मुद्दल तसंच राहिलं तर चोवीसशे." हा आकडा मावशींना तोंडपाठ असतो. तो बरोबर आला की पुढच्या आकड्यावर त्यांचा विश्वास बसतो. कर्जाच्या पानावर दर विचारूच नका. हातात किती मिळणार, हप्ता किती, किती महिने, एवढंच विचारा. दर तुम्ही काढून दाखवा. फाइल चार्ज, विमा, ॲक्सेसरीज कापून हातात कमी येत असेल तर खरा दर आणखी वर जातो, तोही आपोआप दिसेल.

कर्ज घेणाऱ्या प्रत्येकासाठी एक गोष्ट, इतर वाचकांनीही लक्षात ठेवावी अशी. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ (रिटेल) मुदत कर्जांसाठी बँका आणि एनबीएफसी (बिगर-बँक वित्त कंपन्या) यांना 'की फॅक्ट स्टेटमेंट' देणं रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केलं आहे. त्यात सगळे खर्च धरून वर्षाचा एकूण दर लिहिलेला असतो आणि तो कागद कर्जदाराला कळेल अशा भाषेत असावा लागतो. शोरूममध्ये उभं राहून "केएफएस द्या, मराठीत द्या" एवढंच म्हणायचं. तुमच्या ॲपचं एक पान फक्त या कागदाचं असू दे : नमुना कागद, त्यावर बोट ठेवलं की ती ओळ काय सांगते ते साध्या मराठीत.

बजेटच्या पानाबद्दलही बोलायला हवं. तू स्क्रीनशॉट पाठवला आहेस त्यात पन्नास-तीस-वीसचा गोल आहे : पन्नास टक्के गरजा, तीस टक्के हौस, वीस टक्के बचत. हा नियम अमेरिकेतल्या पगारदारांसाठी मांडला गेला. कॅन्टीनच्या पगारात भाडं, गॅस, मुलांची फी आणि औषधं गेल्यावर हौसेचे तीस टक्के कुठून काढायचे? असा गोल समोर आला की माणसाला एवढंच वाटतं की आपलं काहीतरी चुकतंय. शिवाय तुमची 'मासिक उत्पन्न' ही चौकट रिकामी सोडता येत नाही. तुमच्याच भागातल्या ऊस उत्पादकाने तिथे काय लिहायचं? त्याचं बिल हप्त्यांनी येतं आणि खर्च मात्र रोजचा असतो. त्याला 'पुढचा पैसा कधी येणार आणि तोवर कोणते खर्च टळणार नाहीत' एवढं मांडता आलं तरी पुष्कळ झालं.

शेअर बाजाराच्या खेळाबद्दल सरांशी बोलायला तुला कारण हवं आहे ना, हे घे. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये (शेअरच्या पुढच्या भावावरच्या सौद्यांत) उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला. एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून जास्त. हे लोक अडाणी नव्हते, बहुतेकांनी कुठे ना कुठे 'शिकून'च सुरुवात केली असणार. खोट्या पैशाच्या खेळात पोराला तीन आठवडे नफा दिसला की त्याला आपण शिकलो असं वाटतं, प्रत्यक्षात त्याला फक्त धीर आलेला असतो. बाजार शिकवायचाच असेल तर जुने आकडे घ्या, दहा-पंधरा वर्षांचे, आणि त्यात २००८ आणि मार्च २०२० येऊ द्या. निर्देशांक कोसळला तेव्हा तू काय केलं असतंस, हे विचारा.

रेफरलचं उत्तर इथेच येतं. सेबीच्या ऑगस्ट २०२४ च्या नियमबदलानंतर आणि २९ जानेवारी २०२५ च्या परिपत्रकानंतर चित्र असं आहे : ब्रोकरसारख्या सेबीच्या नियमनाखालच्या संस्थेने नोंदणीशिवाय सल्ला देणाऱ्यांशी संबंध ठेवायचा नाही. निव्वळ शिक्षण देणाऱ्याला सूट आहे, पण शिक्षण म्हणजे शिक्षणच. त्यात एखाद्या शेअरबद्दल बोलताना गेल्या तीन महिन्यांतले भाव वापरायचे नाहीत, असं त्या २०२५ च्या परिपत्रकात होतं. म्हणजे रेफरल घेतलंत आणि ताज्या भावांचा खेळही ठेवलात, तर तुम्ही शिक्षक राहता की नाही हाच प्रश्न उभा राहतो. नियम बदलत राहतात, रिपोर्ट लिहिताना सेबीच्या संकेतस्थळावरचं त्या दिवशीचं परिपत्रक वाच.

पण समज, नियम आडवे आले नसते. तरीही मी नको म्हटलं असतं. ज्या ॲपला डीमॅट खात्यामागे पैसे मिळतात ते ॲप "तुम्ही आधी दोन टक्क्यांचं कर्ज फेडा, वर्षाला चोवीस टक्के सुटतील, शेअरचं नंतर बघू" हे वाक्य कधीच लिहिणार नाही. मावशींसाठी तेच सर्वांत बरोबर उत्तर आहे. मित्राला मात्र फैलावर घेऊ नकोस. त्याच्यावर शैक्षणिक कर्ज आहे असं तू एका ओळीत लिहून गेली आहेस. त्याला पैशाची गरज आहे, तो लबाड नाही. त्याला वेगळं बसवून वरचं वाक्य दाखव आणि विचार, हे आपण लिहू शकू का? होस्टिंगचा, म्हणजे ॲप इंटरनेटवर ठेवण्याचा, खर्च हे कारण तो पुढे करेल. काही साध्या पानांच्या ॲपला तो नगण्य असतो, कॉलेजच्या सर्व्हरवरही बसतं.

चॅटबॉटचं झटकन सांगते. हिशोब कोडने करा, चॅटबॉटने नाही. तो आकडा चुकला तरी त्याच ठामपणे सांगतो आणि समोरची व्यक्ती त्यावर सही करणार असते. सरांचा आग्रहच असेल तर त्याला तुमच्या तपासलेल्या पानांपैकी योग्य पान शोधून देण्यापुरतं ठेवा. 'कोणता फंड घेऊ?' यावर त्याने काही बोलायचं नाही.

आता बाबांची पतसंस्था. पत्रात हे तू सर्वांत शेवटी लिहिलंस, पण मला वाटतं तुला खरं हेच विचारायचं होतं. बँकेतल्या ठेवीला डीआयसीजीसी या रिझर्व्ह बँकेच्या उपकंपनीचा विमा असतो. ४ फेब्रुवारी २०२० पासून तो एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल-व्याज मिळून ५ लाखांपर्यंत आहे. आधी १ लाख होता. नागरी सहकारी बँका आणि जिल्हा बँकाही यात येतात. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही. बोर्डावर, पासबुकवर, पावतीवर 'बँक' आहे की 'सहकारी पतसंस्था', एवढं पाहिलं की पहिली गोष्ट कळते. विमा असलेल्या बँकांची यादी डीआयसीजीसीच्या संकेतस्थळावर आहे.

याचा अर्थ बाबांची संस्था बुडणार असा नाही. नीट चालणाऱ्या पतसंस्था आपल्याकडे पुष्कळ आहेत आणि बाबांना अडीनडीला तिथेच कर्ज मिळालं असेल. पण आयुष्यभराची बचत एकाच ठिकाणी, तीही विमा नसलेल्या ठिकाणी ठेवणं ही जोखीम आहे आणि ती बँकेपेक्षा एखाद-दोन टक्के जास्त व्याजासाठी पत्करलेली असते. बाबांपुढे "तुमचं चुकलं" असं घेऊन जाऊ नकोस. "प्रोजेक्टसाठी पावत्या बघायच्या आहेत" म्हण. कोणती ठेव कधी मुदत पूर्ण करते, नॉमिनी कोण आहे, संस्थेचा ऑडिट वर्ग (लेखापरीक्षकाने दिलेली श्रेणी) काय, हे त्यांच्याबरोबर बसून लिहून काढ. मुदत संपेल तशी एकेक ठेव हलवता येते, घाईने मोडायची गरज नाही. तुमच्या घरात पैशाबद्दल कुणी बोललं नाही म्हणतेस, तर ते बोलणं पावत्यांवरून सुरू करणं सोपं जातं. आणि 'माझी ठेव कुठे आहे?' असं एक पान ॲपमध्ये टाकलंस तर ते महाराष्ट्रात सर्वांत जास्त उघडलं जाईल, असा माझा अंदाज आहे.

"शिकवणारी मी कोण" याचं उत्तर यातून बरंचसं मिळतं. तू तज्ज्ञ असायची गरज नाही, तुझं पान तपासलेलं असायला हवं. मजकूर रिझर्व्ह बँक, सेबी आणि एनसीएफई (राष्ट्रीय वित्तीय शिक्षण केंद्र) यांच्या मूळ साहित्यावरून घे, आणि प्रत्येक आकड्याखाली 'तपासल्याची तारीख' लिही. उदाहरण देते. प्रधानमंत्री जीवनज्योती विम्याचा वर्षाचा हप्ता ३३० रुपये होता, जून २०२२ पासून तो ४३६ झाला. सुरक्षा विम्याचा १२ चा २० झाला. जुना आकडा वाचून खात्यात मोजकेच पैसे ठेवणाऱ्या माणसाचा हप्ता कापला जात नाही आणि विमा बंद पडतो. तुमचं सबमिशन झालं की चौघं चार दिशांना जाल, ॲप मात्र जागेवर राहील. म्हणून कोडमध्येच सोय करा : तपासल्याला वर्ष उलटलं की ते पान आपोआप बंद, आणि तिथे फक्त मूळ संकेतस्थळाचा दुवा. परीक्षकाला चॅटबॉटपेक्षा ही गोष्ट जास्त आवडली तर मला नवल वाटणार नाही.

लॉगिन काढून टाका. मोबाइल नंबर, आधार, पॅन, काहीच मागू नका. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याप्रमाणे अठराच्या आतल्या मुलांची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळता येण्याजोगी संमती लागते. माहितीच साठवली नाही तर हा घोळच नाही. शिवाय बऱ्याच घरांत बाईचा फोन मुलाच्या किंवा नवऱ्याच्या हातात असतो. तिने कोणतं कर्ज मोजून पाहिलं हे मागे राहू नये.

पुढच्या रिव्ह्यूआधी मावशींकडे परत जा, पण त्यांची सुट्टी बघून, भांडी घासायच्या वेळेला नाही. दोन कर्जांचे कागद समोर ठेवा, एक फ्लॅट रेटचा, एक घटत्या शिलकीचा, आणि विचारा, स्वस्त कोणतं? आधी ॲपशिवाय, मग ॲपसह. शेजारी बसा आणि गप्प राहा, हे सर्वांत अवघड जाईल. आणखी आठ-दहा जणांबरोबर हेच करा : सुरक्षारक्षक, वसतिगृहातली मुलं, एखादा रिक्षावाला. 'किती जणांनी ॲप उघडलं' यापेक्षा हा तक्ता रिपोर्टमध्ये वजनदार दिसेल, आणि 'युजर एरर'चा रकाना काढून तिथे 'ॲपने काय गृहीत धरलं होतं' असा रकाना करा.

एक पान राहिलंच. फसवणूक झाली तर काय करायचं, ते पहिल्याच पडद्यावर लाल बटणात असू दे : १९३० ला लगेच फोन, मग बँकेला. आणि त्याखाली एक ओळ, पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही.